गाडी चढते, पारा उतरतो

टास्मानियाची राजधानी होबार्ट. बंदरावरच्या कॉन्स्टिट्यूशन डॉकमध्ये मासळीच्या तरंगत्या टपऱ्या बांधलेल्या असतात. तळलेला मासा आणि बटाट्याचे काप घ्यायचे आणि तिथेच कठड्यावर बसून खायचे, अशी इथली रीत. ऊन चांगलं पडलेलं असेल तर अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो. अशा वेळी पश्चिमेला मान वर करून पाहिलं, तर शहराच्या पाठीशी उभ्या असलेल्या डोंगराचा माथा कधीकधी पांढरा दिसतो. तो ढग नसतो, बर्फ असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे तिकडचा उन्हाळा दाराशी आलेला असतानाही, तिथे बर्फ भुरभुरू शकतं. गाडीत बसलात तर अर्ध्या तासात त्या बर्फात उभे राहाल.

शाळेत प्रत्येकाला कधी ना कधी पडलेला प्रश्न इथे पुन्हा पडतो. उंचावर गेलो म्हणजे सूर्याच्या जवळ गेलो. मग ऊब वाढायची सोडून गारठा का वाढतो?

या डोंगराची उंची १२७१ मीटर. आपला सिंहगड १३१२ मीटर, म्हणजे जवळपास तेवढाच. पण पुणे स्वतःच समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर असल्याने सिंहगडाची निम्मीअधिक उंचीच डोळ्यांना दिसते. होबार्ट थेट समुद्रावर, डरवेंट नदीच्या रुंद मुखाशी आहे. त्यामुळे तिथे मीटरन् मीटर उघडा पडतो, आणि हवा, पाऊस, झाडं, खडक या सगळ्यांत उंचीने काय फरक पडतो ते वीसेक किलोमीटरच्या एका रस्त्यावर ओळीने पाहायला मिळतं. बहुतेक पर्यटक ही ओळ न वाचताच वर पोचतात, कठड्याला टेकून फोटो काढतात आणि परततात. माझ्या मते वरच्या देखाव्यापेक्षा रस्ताच जास्त पाहण्यासारखा आहे.

डोंगराच्या नावाबद्दल थोडं. २०१३ पासून त्याला अधिकृतपणे जोडनाव आहे: कुनान्यी / माउंट वेलिंग्टन. पहिलं तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. दुसरं वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं. हा वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली, आणि त्याची महाराष्ट्राशी जुनी ओळख आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. योगायोग असा, की इंग्रजांनी डरवेंटच्या काठी पहिली वसाहत टाकली तीसुद्धा सप्टेंबर १८०३ मध्येच.

सूर्य जवळ आला, मग थंडी का?

आधी सूर्याचा हिशेब मिटवू. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. त्यात सव्वा किलोमीटर कमी झाला तर त्याची कुठे नोंदही होणार नाही. जवळिकीचा मुद्दा इथेच बाद.

खरी गोष्ट अशी, की ऊन हवेला फारसं तापवतच नाही. सूर्यप्रकाश हवेतून बराचसा तसाच आरपार येतो आणि जमिनीवर पडतो. तापते ती जमीन. तिला टेकलेली हवा तिच्यामुळे तापते. म्हणजे आपल्या वातावरणाची चूल खाली आहे, वर नाही. तापलेली हवा हलकी होऊन वर निघते, पण वर जाताना ती उष्णता जशीच्या तशी घेऊन जाऊ शकत नाही. का, ते गाडीतच पाहता येतं.

शहरातल्या दुकानातून वेफर्सचं बंद पाकीट घ्या आणि मागच्या सीटवर टाका. डोंगराच्या मध्यावर, साधारण ७०० मीटर उंचीवर, स्प्रिंग्ज नावाचा थांबा आहे. तिथे पोचेपर्यंत पाकीट तट्ट फुगलेलं असतं, कडेच्या शिवणी ताणलेल्या असतात, आणि बोटाने दाबलं तर टणक लागतं. आतली हवा वाढलेली नाही. बाहेरून तिला दाबणारी हवा कमी झाली आहे. आपल्या डोक्यावर हवेचा जो कित्येक किलोमीटरचा थर आहे, त्याच्या वजनालाच आपण हवेचा दाब म्हणतो. वर चढावं तसा हा थर पातळ होतो. माथ्यावर पोचल्यावर दाब बंदराच्या मानाने सुमारे १४ टक्के कमी असतो. थर्मासमधला चहा पुन्हा उकळायला ठेवलात, तर तो ९६ अंशांच्या आसपासच उकळेल.

पाकिटाला प्लॅस्टिकची भिंत असते. डोंगराच्या उतारावरून वर सरकणाऱ्या हवेला ती नसते, त्यामुळे दाब कमी होताच ती मोकळेपणी पसरते. पसरायचं म्हणजे भोवतालच्या हवेला बाजूला सारायचं, आणि त्याला ऊर्जा लागते. ती बाहेरून कुणी देत नाही, म्हणून हवा स्वतःजवळची उष्णता खर्चते आणि थंड होते. सायकलच्या पंपात याच्या नेमकं उलट घडतं. तिथे आपण हवा दाबतो आणि नळी गरम होते.

कोरडी हवा वर सरकताना दर १०० मीटरला जवळजवळ १ अंशाने थंड होते. तिच्यात बाष्प असेल आणि त्याचे थेंब बनू लागले, तर थेंब बनताना थोडी उष्णता परत मिळते, म्हणून थंड होण्याचा वेग अर्ध्याच्या आसपास येतो. या दोन्हींच्या मधला सरासरी आकडा १०० मीटरला साडेसहा दशांश अंश. १२७१ मीटरला हे गणित लावलं, तर बंदर आणि माथा यांच्यात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक येतो. बंदरावर १३ अंश असतील तर माथ्यावर पारा एक ते पाच अंशांच्या दरम्यान असणार. त्यात वारा धरलेला नाही. माथ्यावर ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगाचे झोत नोंदले गेले आहेत. अंगाभोवती साठलेली ऊब असा वारा क्षणात ओरबाडून नेतो, आणि तीन अंशसुद्धा शून्याखालचे वाटतात.

मग पुणे मुंबईपेक्षा गरम का?

चौकस वाचक इथे अडवेल. माथ्यावरही जमीन आहेच. ती उन्हाने तापून जवळच्या हवेला ऊब का देत नाही? आणि उंचीने थंडावा येत असेल, तर मे महिन्यात ५६० मीटरवरचं पुणे मुंबईपेक्षा गरम का असतं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर जमिनीच्या पसरटपणात आहे. एकाकी शिखराचा माथा इवलासा असतो. त्याला टेकलेली हवा तापायच्या आत वारा ती घेऊन जातो आणि तिच्या जागी मोकळ्या आभाळातली थंड हवा आणून टाकतो. दख्खनचं पठार शेकडो किलोमीटर पसरलेलं आहे. तिथे हवा दिवसभर तापलेल्या जमिनीवरूनच वाहते, समुद्रही लांब असतो. अशी पठारं स्वतःची चूल स्वतःच उंचावर घेऊन बसलेली असतात. उंची वाढली की पारा उतरतो हा नियम सर्वांत चोख दिसतो तो समुद्रकाठी एकट्या उभ्या असलेल्या डोंगरावर.

हीच गोष्ट ओळखून १८९५ साली क्लेमेंट रॅग नावाच्या हवामानतज्ज्ञाने याच माथ्यावर वेधशाळा उभारली. त्याआधी त्याने स्कॉटलंडमध्ये बेन नेव्हिस हे शिखर रोज चढून नोंदी घेतल्या होत्या. तारायंत्राच्या त्या काळात रोजच्या नोंदींसाठी सोडले जाणारे बलून किंवा उपग्रह नव्हते. वरच्या हवेत काय चाललंय हे कळायला माणसाने स्वतः वर जाऊन राहणं हाच मार्ग होता.

एक लांबलचक वळण

होबार्टच्या मध्यापासून डोंगराचा माथा सरळ रेषेत आठ किलोमीटरही नाही. रस्ता मात्र वीस किलोमीटरच्या वर. घाटातून प्रवास केलेल्या कुणालाही याचं कारण ठाऊक असतं, पण आकड्यात मांडलं की ते जास्त पटतं. रस्ता सरळ नेला असता, तर सरासरी सहा मीटर पुढे जाताना एक मीटर वर चढावं लागलं असतं, आणि वरचा टप्पा तर याहून कितीतरी उभा आहे. वळवून नेल्यामुळे सरासरी चढ शंभर मीटरला सहा मीटरच्या आसपास राहतो. गाडी वर नेण्याचं एकूण काम काही त्यामुळे घटत नाही. १२७१ मीटर ते १२७१ मीटरच. ते काम लांब अंतरावर पसरतं, म्हणून प्रत्येक क्षणाला लागणारा जोर घटतो.

आधी ह्युऑन रोडने फर्न ट्री या वस्तीपर्यंत जायचं. तिथून डोंगराचा खास रस्ता फुटतो. स्प्रिंग्ज ओलांडल्यावर तो उत्तरेकडे निघतो आणि डोंगराच्या पूर्वेकडच्या अंगावरून तिरका चढत जातो. शॅले नावाच्या जुन्या निवाऱ्यापाशी आपण हजार मीटरवर असतो. पुढे बिग बेंडला रस्ता उलटा फिरतो आणि पठारावरून दक्षिणेकडे, माथ्याकडे येतो.

वरचा हा रस्ता महामंदीच्या काळातला आहे. बेकारांना काम द्यायचं म्हणून प्रीमियर अल्बर्ट ओगिल्वी यांच्या सरकारने तो काढला आणि मजुरांनी तो कुदळ-फावड्यांनी, हिवाळेही अंगावर घेत, खोदला. जानेवारी १९३७ मध्ये तो खुला झाला. आपल्याकडच्या दुष्काळी कामांतून झालेल्या रस्त्यांची आठवण व्हावी असाच तो प्रकार. पण तो सगळ्याच होबार्टकरांना रुचला असं नाही. शहरातून पाहिलं की डोंगराच्या हिरव्या अंगावर एक तिरपा ओरखडा दिसे. लोकांनी त्याला नाव ठेवलं, ‘ओगिल्वीचा व्रण’. झाडी वाढून व्रण आता बराच भरून आला आहे. आज त्याच रस्त्याने वर जाणाऱ्यांपैकी अनेक जण माथ्यापर्यंतच्या रोपवेला मात्र कडाडून विरोध करतात. २०२१ साली होबार्टच्या नगरपालिकेने रोपवेचा प्रस्ताव फेटाळला. यात विसंगती आहे असं कुणी म्हणेल. मला ती तशी वाटत नाही. एक व्रण भरायला इतकी वर्षं गेलेली ज्यांनी पाहिली, ते दुसऱ्याला सहजासहजी हो म्हणणार नाहीत.

रस्त्याच्या आधी वर जाणं म्हणजे काय होतं, याची कल्पना चार्ल्स डार्विनच्या प्रवासवर्णनातून येते. फेब्रुवारी १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाज होबार्टला लागलं तेव्हा तो हा डोंगर चढायला गेला. पहिल्या प्रयत्नात दाट जंगलाने त्याला परतवलं. नंतर वाटाड्या घेऊन गेला, तरी माथा गाठायला साडेपाच तास लागले. वाटेतल्या वृक्षनेच्यांनी, म्हणजे खोड असलेल्या झाडाएवढ्या नेच्यांनी, तो भारावून गेला होता. फर्न ट्री हे वस्तीचं नाव याच नेच्यांवरून आलेलं आहे. स्प्रिंग्जच्या खालच्या ओलसर घळींमध्ये ते आजही दिसतात. त्यांच्या वर उंच निलगिऱ्या, त्यांच्या वर खुरटलेल्या आणि वाऱ्याने वाकलेल्या बर्फाळी निलगिऱ्या, आणि शेवटी गुडघ्याएवढी कडक झुडपं. गाडीच्या काचेतून झाडांची उंची पाहत राहिलं, तरी आपण किती वर आलो याचा अंदाज येतो.

डोक्यावर बसलेला ढग

होबार्टला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. ऑस्ट्रेलियाच्या राज्यांच्या राजधान्यांत ॲडलेडनंतर सर्वांत कोरडी हीच. आणि त्याच टास्मानियाच्या पश्चिम भागात काही ठिकाणी दोन हजार मिलिमीटरच्याही वर पडतो. आपल्याला हे कोडं अनोळखी नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही आत. आपल्याकडे ओली हवा नैर्ऋत्येकडून येते आणि सह्याद्रीला अडते. टास्मानियावर बाराही महिने पश्चिमेचे वारे येतात. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या पट्ट्यात जमीन जवळजवळ नाहीच, म्हणून ते समुद्रावरून अडथळ्याविना वेग घेत येतात. पश्चिमेचे डोंगर चढताना ही हवा थंड होते, बाष्पाचे थेंब होतात आणि पाऊस तिकडेच ओतला जातो. होबार्टपर्यंत येणारी हवा बरीच रिकामी झालेली असते.

उरलेल्या बाष्पातून कुनान्यी आपला वाटा वसूल करतो. हवेत ठरावीक तापमानाला ठरावीक बाष्पच मावतं. थंड होत होत ज्या तापमानाला ते मावेनासं होतं आणि थेंब दिसू लागतात, त्याला दवबिंदू म्हणतात. वारा डोंगरावर धडकून वर चढतो, दवबिंदू गाठतो आणि माथ्याभोवती ढग तयार होतो. पलीकडे उतरताना हवा दाबली जाते, पुन्हा तापते आणि थेंब विरतात. खालून पाहणाऱ्याला वाटतं, एकच ढग सकाळपासून डोंगरावर ठाण मांडून बसलाय. खरं तर हवा त्याच्यातून सारखी वाहत असते. एका बाजूला थेंब जन्मत असतात, दुसऱ्या बाजूला संपत असतात, आणि ढगाची जागा तेवढी तीच राहते.

इतक्या लांबून आलेले लोक वर जातात आणि त्यांना हाताच्या अंतरावरचा कठडाही दिसत नाही, हे नेहमीचं. यातली निम्मी निराशा खालूनच टाळता येते.

> चौकट : ढग किती उंचीवर आहे?
>
> हवामानाच्या ॲपमध्ये शहराचं सध्याचं तापमान आणि दवबिंदू दोन्ही मिळतात. तापमानातून दवबिंदू वजा करा. जी संख्या येईल तिला १२५ ने गुणा. उत्तर म्हणजे ढगाच्या तळाची अंदाजे उंची, मीटरमध्ये.
>
> उदाहरण : तापमान १८ अंश, दवबिंदू १०. फरक ८. आठ गुणिले १२५ म्हणजे १००० मीटर. याचा अर्थ शॅलेपर्यंत स्वच्छ दिसेल, त्यापुढे धुकं. अशा दिवशी माथ्याचा हट्ट सोडून मधल्याच थांब्यावरून शहर पाहावं.
>
> फरक ११ किंवा अधिक असेल तर माथा मोकळा असण्याची शक्यता चांगली.
>
> हे गणित दिवसा, खालची हवा वर चढून ढग बनत असताना जुळतं. रात्री, पहाटे किंवा वादळी पावसाळी हवेत त्यावर विसंबू नये.

उलटी सकाळ

नियम समजला की अपवाद पाहायला मजा येते. हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आभाळात सोडून देते आणि तिला टेकलेली हवा थंडगार होते. थंड हवा जड असते, ती उतारांवरून ओघळत दऱ्यांच्या तळाशी साठते. डरवेंटच्या खोऱ्यात अशी हवा रात्रभर जमा होत राहते. नदीच्या ओलाव्याने तिच्यात धुकं धरतं. सकाळी ही सगळी थंड हवा धुक्यासकट नदीच्या पात्रातून खाली, समुद्राकडे निघते. होबार्टच्या वरच्या अंगाला नदीकाठी ब्रिजवॉटर नावाचं गाव आहे. त्या बाजूने येतं म्हणून होबार्टकर या धुक्याला ‘ब्रिजवॉटर जेरी’ म्हणतात. हा जेरी शहरात शिरला की बंदरावर बोचरा वारा सुटतो आणि टास्मान पुलाचे खांब दिसेनासे होतात.

नेमकं त्याच वेळी डोंगरावर स्वच्छ ऊन पडलेलं असतं, आणि उतारावरची हवा शहरापेक्षा उबदारही असू शकते. खाली थंड आणि वर गरम, अशा या उलट रचनेला तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड, जड हवा तळाशी पक्की बसलेली असते. वरच्या गरम हवेला खाली उतरायचं कारण नसतं, त्यामुळे दोघी मिसळत नाहीत. वरून पाहिलं तर नदीच्या वळणावळणाने पसरत चाललेला पांढरा पट्टा दिसतो, त्याची वरची बाजू जवळजवळ सपाट. ती सपाट रेषा म्हणजेच दोन हवांची हद्द. खालच्या शहराने खिडक्या लावून हीटर चालू केलेले असतात. वरच्यांनी मात्र जाकिटं काढलेली असतात. चूल खाली आहे हा नियम यात मोडलेला नाही. रात्री ती विझली होती, एवढंच.

कड्याचे खांब

शॅलेपाशी गाडी लावून वर पाहिलं की राखाडी खडकाचे उभे खांब एकमेकांना चिकटून ओळीने उभे दिसतात. उंची शंभर मीटरहून अधिक. चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांवरून त्यांना ‘ऑर्गन पाइप्स’ म्हणतात. पहिल्या नजरेत कुणी तासून रचल्यासारखे वाटतात. गिर्यारोहकांचं हे आवडतं ठिकाण, आणि कड्याच्या पायथ्याने चालत जाणारी पायवाटही आहे. गाडीतून उतरायचं एकच ठिकाण निवडायचं असेल, तर मी माथा सोडून हे निवडेन.

हा खडक डोलेराइट. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांच्या काळात, भूगर्भातला तप्त शिलारस वर घुसला. पण तो जमिनीच्या वर आला नाही. आधीच्या वालुकाश्म आणि चिखलाश्माच्या आडव्या थरांमध्ये फट शोधून तो आडवा पसरला आणि तिथेच थिजला. त्याची जाडी शेकडो मीटर होती. वर खडकांचं पांघरूण असल्याने तो फार सावकाश निवला.

वस्तू निवते तशी आकसते. तळ्याचं पाणी आटल्यावर उघडा पडलेला चिखल उन्हात वाळताना पाहिला असेल. तोही आकसतो. पण खालच्या ओल्या चिखलाला धरलेला असल्यामुळे एकगठ्ठा लहान होऊ शकत नाही, मग ताण येतो आणि पृष्ठभाग फाटतो. भेगा कशाही गेल्याशा वाटल्या, तरी नीट पाहिलं तर पाच-सहा कडांचे तुकडे पडलेले असतात. सगळ्या बाजूंनी सारखा ताण असेल, तर कमीत कमी भेगांमध्ये जास्तीत जास्त ताण सुटतो तो अशाच मांडणीत. चिखलात वाळण्याने जे होतं, ते शिलारसात निवण्याने झालं. थंडी वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून आत शिरत गेली, तशा भेगाही आत शिरत गेल्या. थर आडवा, म्हणून भेगा उभ्या, आणि दोन भेगांच्या मधला भाग म्हणजे खांब. सावकाश निवणाऱ्या खडकात भेगा लांब लांब पडतात, म्हणून इथले खांब चांगलेच जाडजूड आहेत.

असे खांब पाहायला मराठी माणसाला टास्मानियाला जावं लागत नाही. मुंबईत अंधेरीला, इमारतींच्या गराड्यात, गिल्बर्ट टेकडी उभी आहे. काळ्या खडकाचे उभे खांब, उंची साधारण ६० मीटर. ती दख्खनच्या ज्वालामुखींच्या काळातली, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. दख्खनचा बेसॉल्ट आणि टास्मानियाचा डोलेराइट यांचा शिलारस जवळपास एकाच जातीचा. उघड्यावर पटकन निवला तर बारीक कणांचा बेसॉल्ट होतो, जमिनीखाली सावकाश निवला तर कणांना वाढायला सवड मिळते आणि डोलेराइट होतो. रस्त्याकडेला नुकताच फुटलेला एखादा दगड उचलून पाहावा. बाहेरून तपकिरी, जागोजागी दगडफुलाचे पोपटी-पांढरे डाग. आतून मात्र हिरवट राखाडी, आणि उन्हात फिरवला की बारीक पांढुरक्या कांड्या चमकतात. ते फेल्स्पार या खनिजाचे कण. भिंग नसलं तरी दिसतात.

डोलेराइटच्या खाली, स्प्रिंग्जच्याही खालच्या उतारावर, याहून जुने थर आहेत. त्यात पर्मियन काळातल्या समुद्री जिवांचे जीवाश्म सापडतात. त्या काळी टास्मानिया, अंटार्क्टिका, आफ्रिका आणि भारत एकाच खंडात जोडलेले होते. त्या खंडाचं नाव गोंडवन, आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून पडलेलं. चंद्रपूर आणि वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसाही त्याच पर्मियन काळातला. पुढे हा खंड फुटायला लागला, आणि टास्मानियातला डोलेराइट त्या फाटण्याच्या सुरुवातीच्या दिवसांचा.

मग जमिनीखाली थिजलेला खडक डोंगराच्या माथ्यावर कसा? वरचे मऊ थर कोट्यवधी वर्षांत पावसापाण्याने झिजून गेले. जमिनीला मोठमोठे तडे जाऊन काही भाग खचले, डरवेंटचं खोरं त्यातलंच एक. टणक डोलेराइट टिकून राहिला आणि टोपीसारखा वर उरला. हिमयुगात त्याच्या भेगांत पाणी शिरून गोठत राहिलं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि भेग रुंद करतं. असे सुटलेले खांब कोसळून पठारावर आणि उतारांवर प्रचंड शिळांचे ढीग झाले आहेत. डार्विनने माथ्यावर पाहिलेले उघडे, टोकदार दगड हेच. तो त्यांना त्या काळच्या शब्दात हिरवा दगड म्हणतो.

क्षितिज किती लांब?

माथ्यावर काचेच्या भिंतींचा निवारा आहे. वारा सोसवत नसेल तर आत बसून पाहायचं. खाली शहर, नदी, टास्मान पूल. त्यापलीकडे स्टॉर्म बे, ब्रूनी बेट, टास्मान द्वीपकल्प. आणि मग समुद्र.

समुद्राची कड किती लांब आहे हे काढायला उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ घेऊन त्याला ३.५७ ने गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. १२७१ चं वर्गमूळ साडेपस्तीसच्या किंचित वर. म्हणजे क्षितिज सुमारे १२७ किलोमीटरवर. किनाऱ्यावर उभ्या माणसाला ते पाच किलोमीटरच्याही आत असतं. उंची साडेसातशे पट वाढली, अंतर सत्तावीस पटच वाढलं. पृथ्वी गोल असल्याने उंचीचा फायदा वर्गमुळानेच मिळतो.

एवढ्या लांबचं दिसायला हवा स्वच्छ लागते, आणि त्या बाबतीत टास्मानिया भाग्यवान. बेटाच्या वायव्य टोकावर केप ग्रिमला १९७६ पासून हवेतल्या वायूंच्या नोंदी घेतल्या जातात. महासागरावरून तिथे येणाऱ्या हवेशी जगातल्या इतर ठिकाणची हवा ताडून पाहता येते, इतकी ती निर्मळ असते. तरीही लांबच्या डोंगररांगा निळसर आणि फिकट दिसतात, एकामागची एक अधिकाधिक फिकट. तो धूर नसतो. हवेचे रेणूच निळा प्रकाश जास्त विखुरतात. डोंगर आणि आपण यांच्यामध्ये जितकी हवा जास्त, तितका हा विखुरलेला निळा प्रकाश डोंगराच्या मूळ रंगावर चढतो. सकाळी सूर्य समुद्राच्या बाजूला असतो आणि डोळे दिपतात. दुपारनंतर तो पाठीशी येतो, तेव्हा शहर आणि खाडी स्पष्ट दिसतात. सूर्य तिथे उत्तरेकडून फिरतो, हेही आपल्याला सवयीचं नसतं. रस्त्याच्या ज्या वळणांना डोंगराची दक्षिणेकडची सावली लागते, तिथलं बर्फ दुपारपर्यंत वितळत नाही.

उतरताना

हिमवर्षाव झाला की रस्ता मधूनच बंद करतात. निघण्यापूर्वी नगरपालिकेची सूचना पाहावी. रस्ता उघडा असला, तरी पहाटेच्या वेळी डांबरावर पारदर्शक बर्फाचा पापुद्रा असू शकतो. तो नुसता ओला रस्ता वाटतो, हाच त्यातला धोका.

उतारावरचं आणखी एक गणित. दीड टनाची गाडी १२७१ मीटर वर नेली, की तिच्यात सुमारे १ कोटी ८७ लाख ज्यूल ऊर्जा साठते. वीजबिलाच्या भाषेत पाच युनिटांहून थोडी जास्त. उतरताना ती सगळी कुठेतरी जायलाच हवी. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल, तर तिची उष्णता होते. काही भाग हवेचा आणि चाकांचा रोध खातो. उरलेला ब्रेकवर टाकला तर पॅड आणि डिस्क भाजून निघतात. एकूण उष्णता पन्नासहून जास्त लिटर साधं पाणी उकळीला आणायला पुरेशी आहे. फार तापलेले पॅड नीट पकडत नाहीत; पेडल दाबलं तरी गाडी थांबायला वेळ लागतो. म्हणून घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम: ज्या गिअरने चढलात, त्याच गिअरने उतरा. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतः गाडीला रोखून धरतं आणि उष्णता रेडिएटर व धुराड्यातून बाहेर जाते. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर निवडायची सोय असते, भाड्याची गाडी घेताना ती विचारून घ्यावी. विजेवरची गाडी उतरताना मोटरनेच रोखली जाते आणि पाचातली बरीच युनिटं बॅटरीत परत येतात. फक्त माथ्यावर बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर त्यांना जागा उरत नाही आणि भार पुन्हा ब्रेकवर येतो.

जळका वास आलाच तर स्प्रिंग्जला गाडी लावून अर्धा तास थांबावं. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. एकदम आकसून तिला तडा जाऊ शकतो.